नळी बदलते तेव्हा तिच्यासोबत काय काय बदलायला हवे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नेमबाजीच्या साधनांवरील आपल्या लेखात एकबारी रायफलीची नळी बदलण्याची तुलना कॅमेऱ्याचे भिंग बदलण्याशी केली आहे. ढोबळ कल्पना देण्यासाठी ती ठीक असली, तरी रचनेबद्दल मात्र ती वाचकाची दिशाभूल करते. भिंगाच्या जोडाला भिंगाच्या वजनाखेरीज फारसे काही पेलायचे नसते. रायफलीच्या जोडावर सेकंदाच्या हजाराव्या भागात काही टन भार येतो, आणि तो भार सोसून जोडाला पुढच्या बारासाठी पुन्हा त्याच जागी असावे लागते. अशा रायफलींची जुळणी आणि तपासणी जवळून जाणणाऱ्यांच्या वतीने काही तपशील कळवत आहोत.

एकबारी रायफल म्हणजे एका वेळी एकच काडतूस हाताने भरायचे, मॅगझिन नाही. अदलाबदलीसाठी हाच प्रकार सोयीचा का, याचे उत्तर त्यातच आहे. काडतूस उचलून पुढे ढकलणारी यंत्रणा नसल्यामुळे काडतूस आखूड की लांब याने काही अडत नाही. वॉरन सेंटर यांनी आखलेले थॉम्पसन/सेंटर कंपनीचे कंटेंडर हे एकबारी पिस्तूल १९६७ मध्ये आले. पुढचा लाकडी हातधरा काढायचा, बिजागरीची खीळ बाहेर ढकलायची, की नळी सुटते. त्याच सांगाड्यावर, म्हणजे नळी सोडून उरणाऱ्या मूळ भागावर, .२२ रिमफायरपासून (ज्याचे पेटवणारे स्फोटक बुडाच्या कडेत असते) बऱ्याच ताकदीच्या काडतुसांपर्यंत नळ्या चढवता येत. ही रचना इतकी वर्षे टिकली त्यामागे एक साधे तत्त्व आहे: काडतुसाप्रमाणे जे जे बदलते ते शक्य तितके नळीवरच ठेवायचे आणि सर्व नळ्यांना समान असेल तेवढेच सांगाड्यावर ठेवायचे. हे तत्त्व जिथे मोडते तिथेच अडचणी सुरू होतात.

आधी भाराचा हिशेब. बार होताना वायूचा दाब काडतुसाच्या बुडावरही पडतो आणि त्याला मागे ढकलतो. दाबाला बुडाच्या क्षेत्रफळाने गुणले की काडतुसामागची वाट बंद करणाऱ्या ठोकळ्यावर येणारा जास्तीत जास्त भार मिळतो. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाचा युरोपीय मानकातला कमाल दाब ४,३०० बार (इथे बार हे दाबाचे एकक) आणि बुडाचा व्यास सुमारे ९.६ मिलिमीटर, म्हणजे भार साधारण ३.२ टन. .३०८ विंचेस्टरचा दाब त्याहून कमी, ४,१५० बार. पण बूड १२ मिलिमीटरचे असल्यामुळे भार ४.८ टनांच्या घरात जातो. .२२ लाँग रायफलचा दाब सुमारे १,६५० बार आणि कवचाचा व्यास ५.७ मिलिमीटर, तिथे भार जेमतेम ४३० किलो. केवळ दाबाचा आकडा पाहून हा सांगाडा अमुक काडतूस सोसेल असे ठरवणारे इथेच चुकतात. बूड मोठे असेल तर कमी दाबाचे काडतूसही सांगाड्याला जास्त ताण देते. संचातील सर्वांत जड काडतुसावरून सांगाडा ठरतो. हलक्या काडतुसासाठी बनलेल्या सांगाड्यावर जड नळी बसते एवढ्यावरून ती चालवणे हा अपघाताचा रस्ता आहे.

वरचे आकडे कमाल आहेत. प्रत्यक्षात पितळी कवच फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट धरते आणि थोडा भार तिथे अडतो. चेंबरमध्ये तेलाचा थर राहिला की ही पकड सुटते आणि ठोकळ्यावरचा भार वाढतो. बदली नळ्या बहुधा तेल लावूनच ठेवलेल्या असतात, म्हणून नळी चढवल्यावर चेंबर कोरड्या कापडाने पुसणे हे सर्वांत आधीचे काम.

हा भार कोणत्या वाटेने जातो, यावरून रचनेचा कस कळतो. बिजागरीवर मोडून उघडणाऱ्या रायफलीत ठोकळा मागे ढकलला जातो आणि नळीखालचा लग (भोक असलेला उंचवटा) बिजागरीच्या खिळीला पुढे ओढतो. नळीचा अक्ष खिळीच्या वर असल्यामुळे सांगाडा कोपऱ्यात किंचित उघडू पाहतो. म्हणून अशा सांगाड्यांत तो कोपरा गोलसर आणि जाड ठेवतात. तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा जातो. घसरत्या ठोकळ्याच्या रायफलीत, म्हणजे १८७२ च्या फार्कर्सनच्या किंवा ब्राउनिंगच्या रचनेवर आधारलेल्या १८८५ च्या विंचेस्टरसारख्या प्रकारांत, ठोकळा दोन भिंतींतल्या खाचांवर मागून टेकतो आणि नळी आट्यांनी समोर बसते. ही रचना जास्त ताठ असते, पण नळी काढणे हे कार्यशाळेचे काम होते. तिसरी वाट ब्लेझरने १९९३ च्या आर९३ मध्ये घेतली. ती रायफल एकबारी नाही, तरी तिचा दाखला इथे महत्त्वाचा आहे. तिचा बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकून नळी बंद करणारा दांडा, थेट नळीच्याच मागच्या भागातल्या खाचेत अडकतो. भार नळी आणि बोल्ट यांच्यातच मिटतो आणि सांगाड्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून नळी दोन स्क्रूंवर काढता-घालता येते. अदलाबदलीच्या दृष्टीने याहून स्वच्छ उत्तर आम्हाला माहीत नाही.

आता हेडस्पेस. लेखात याचा उल्लेखही नव्हता, आणि खरा धोका इथेच आहे. ठोकळ्याच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकून अडते त्या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. बुडाला बाहेर आलेली कड असलेले काडतूस कडेवर अडते, बिनकडेचे बाटलीसारखे काडतूस खांद्यावर. हे अंतर कमी पडले तर रायफल बंद होत नाही किंवा जोर लावून बंद करावी लागते. जास्त झाले तर बार होताना कवचाची पुढची बाजू चेंबरला चिकटते, बूड मागे सरकते आणि बुडाच्या थोडे वर पितळ ताणून पातळ होते. काही वेळा तिथे आतून वळ पडतो, तर काही वेळा कवच दोन तुकडे होते आणि तप्त वायू चेहऱ्याच्या दिशेने येतो. .३०८ विंचेस्टरसाठी ज्यावर ठोकळा बंद व्हायलाच हवा असे गेज (चेंबरमध्ये घालून पाहायचा पोलादी मापनमुना) १.६३० इंचांचे असते आणि ज्यावर बंद होता कामा नये असे १.६३४ इंचांचे. दोन्हींतला फरक ०.००४ इंच, म्हणजे ०.१ मिलिमीटर. साध्या छपाईच्या कागदाची जाडी साधारण इतकीच असते. योग्य आणि अयोग्य जुळणी यांच्यात फक्त एवढीच जागा आहे.

नळी आट्यांची आणि खांद्याची असेल तर तिचा खांदा रिसिव्हरच्या (ठोकळा किंवा बोल्ट सामावणाऱ्या मुख्य भागाच्या) तोंडावर टेकतो आणि खांद्यापासून चेंबरपर्यंतच्या मापावर हेडस्पेस ठरतो. ती नळी ज्या रिसिव्हरवर मापली त्याच्यापुरतीच खरी. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रिसिव्हरवर ती बसेल, घट्ट होईल आणि तरीही हेडस्पेस चुकलेला असेल. १९५८ च्या सॅव्हेज ११० ने नळीवर वेगळे नट दिले: गेज आत ठेवून नळी टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचे. कार्यशाळेसाठी ही पद्धत उत्तम आहे. वारंवार अदलाबदलीसाठी मात्र आम्ही ती सुचवणार नाही, कारण नट सैल केले की हेडस्पेस दर वेळी नव्याने ठरवावा लागतो आणि गेज घरी विसरलेला माणूस अंदाजावर जातो. बिजागरीच्या रायफलीत लगच्या जागेवर आणि खिळीच्या झिजेवर हे अंतर अवलंबून असते. एच अँड आर कंपनी आपल्या एकबारी रायफलीची जादा नळी हवी असल्यास सांगाडा कारखान्यात मागवून घेई आणि तिथे जुळवून देई. ती अट गिऱ्हाइकाला त्रासाची वाटे, पण ती योग्यच होती.

गेज वापरताना होणाऱ्या दोन चुका सांगायला हव्यात. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे कवच बाहेर ओढणारा भाग, जागेवर ठेवून गेज लावले तर त्याच्या स्प्रिंगचा दाब हाताला हेडस्पेससारखाच भासतो. आणि न बंद होणाऱ्या गेजवर जोर लावला तर पोलादी गेज चेंबरच्या खांद्यावर वळ उमटवते, म्हणजे मापन करतानाच माप बिघडते. एक्स्ट्रॅक्टर काढावा, चेंबर आणि ठोकळ्याचे तोंड पुसावे आणि दोन बोटांच्या बळानेच बंद करून पाहावे.

युरोपात मोडून उघडणाऱ्या रायफलींसाठी कडेची काडतुसे वेगळी बनली. ७×५७ ला ७×५७ आर, ८×५७ आयएस ला ८×५७ आयआरएस, आणि मुळातच कडेचे ९.३×७४ आर. नावातला आर म्हणजे जर्मन भाषेतली कड. कडेमुळे दोन कामे सोपी होतात. हेडस्पेस कडेच्या जाडीवर ठरतो, खांद्याचे माप थोडे चुकले तरी चालते. आणि एक्स्ट्रॅक्टरला कडेखाली नुसती एक पट्टी पुरते. बिनकडेच्या काडतुसाला खाचेत आडवा सरकणारा, स्प्रिंगचा अंकुश लागतो. तो घाण झाला की काडतुसावरून घसरतो आणि कवच आतच राहते. एकबारी संच नव्याने ठरवणाऱ्याने शक्य तिथे कडेचीच काडतुसे निवडावीत. एक्स्ट्रॅक्टर मात्र प्रत्येक नळीचा स्वतःचाच असावा. तो सांगाड्यावर ठेवून दोन काडतुसांत वाटून घेण्याचे प्रयत्न दोन्हींसाठी अर्धवट ठरतात.

नेमाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे. समजा नळीचा खांदा २५ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि एका बाजूला त्याखाली ०.०१ मिलिमीटरचा कण अडकला. नळी ०.०१ भागिले २५ इतक्या कोनाने कलते. १०० मीटरवर हा कल ४० मिलिमीटर होतो. डोळ्याला न दिसणारा कण लक्ष्यावर चार सेंटिमीटरची चूक देतो. दुर्बीण रिसिव्हरवर असेल तर ही सगळी चूक नेमात उतरते. दुर्बीण नळीवरच बसवलेली असेल तर नळी कलली की दुर्बीणही तितकीच कलते आणि दोघींचा आपसातला कोन बदलत नाही. म्हणून कंटेंडर काय किंवा ब्लेझर काय, दोन्हीकडे दुर्बिणीचा माउंट नळीवर आहे. एकच दुर्बीण सर्व नळ्यांवर फिरवण्याची काटकसर केली, तर मग माउंट काढून घातल्यावर तो किती अचूक परत येतो हा दुसरा प्रश्न उभा राहतो. जमत असेल तर प्रत्येक नळीला तिची दुर्बीण द्यावी. न जमल्यास प्रत्येक नळीसाठी किती क्लिक फिरवायचे याची नोंद ठेवून दर वेळी गोळ्या झाडून खात्री करावी.

नेम परत येतो की नाही हे एका गोळीवरून कधीच ठरत नाही. थंड नळीतून निदान पाच गोळ्या झाडाव्यात, नळी काढून पुन्हा चढवावी, नळी पुन्हा थंड होऊ द्यावी, पुन्हा पाच झाडाव्यात आणि दोन्ही गटांचे मध्य ताडून पाहावेत. गटच मुळात ३० मिलिमीटरचा असेल तर मध्यांतल्या ८-१० मिलिमीटरच्या फरकाला अर्थ नाही. तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी सहसा वेगळी जाते, ती मोजू नये.

पुढचा हातधराही इथे खोडी करतो. एकबारी रायफलीत तो अनेकदा नळीलाच स्क्रूने बांधलेला असतो. स्क्रू कमीजास्त आवळला किंवा लाकूड दमट हवेत फुगले, की नळीवरचा दाब बदलतो आणि नेम सरकतो. तो नळीला एकाच जागी टेकावा आणि बाकी मोकळा असावा. नळ्यांचा व्यास वेगवेगळा असेल तर प्रत्येकीचा हातधरा वेगळा करावा; एकाच लाकडात जाड-बारीक नळ्या बसवण्यासाठी पट्ट्या चिकटवणे हे नेम हरवण्याचे हमखास साधन आहे.

फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करून ते पेटवणारी खीळ, हा एक भाग सांगाड्यावरच राहतो, म्हणून तिथे तडजोड अटळ आहे. सेंटरफायर काडतुसाची पेटवणारी टोपी बुडाच्या मध्यभागी, तर रिमफायरचे स्फोटक कडेत. एकाच सांगाड्यावर दोन्ही चालवायची तर दोन पिना आणि त्यांतली एक निवडण्याची कळ लागते. कंटेंडरमध्ये तशी सोय होती. कळ चुकीच्या बाजूला राहिली तर रिमफायर काडतूस नुसते पेटत नाही. त्याहून वाईट म्हणजे चेंबर रिकामे असताना रिमफायरची पिन चालवली, तर काही रचनांत ती चेंबरच्या काठावर आपटते, काठावरचा धातू ठेचून आत उंचवटा येतो आणि त्यानंतर काडतूस नीट आतच जात नाही. सेंटरफायरमध्ये पिनेचे छिद्र सैल असेल तर जास्त दाबाच्या काडतुसाची टोपी मागे त्या छिद्रात फुगते, कधी फुटते आणि वायू घोड्यापर्यंत येतो. कमी दाबाच्या काडतुसावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला सांगाडा नवी नळी चढवताच टोप्या फोडू लागला, तर दोष बहुधा नळीत नसून या छिद्रात असतो.

चुकीचे काडतूस हा विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच बुडावर बनलेले आहे, म्हणून एकाच सांगाड्यावर दोन्हींच्या नळ्या सहज असतात. .३०० ब्लॅकआउटचे काही भरणीचे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये जाते आणि ठोकळा बंदही होतो. मग ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत घुसू पाहते आणि रायफल फुटते. असे अपघात घडले आहेत. जुन्या ८×५७ आय नळीत ८.०८ मिलिमीटरची गोळी बसे, आयएस मध्ये ८.२० मिलिमीटरची, अक्षर एकच जादा, पण दाबात मोठा फरक. .२२ लाँग रायफल .२२ मॅग्नमच्या रुंद चेंबरमध्ये घातले तर त्याचे कवच फाटते. यावर उपाय एकच: संच आखतानाच एकमेकांच्या चेंबरमध्ये बसू शकतील अशी दोन काडतुसे एकत्र येऊ द्यायची नाहीत. साकोच्या क्वाड या चार रिमफायर नळ्यांच्या रायफलीत नळ्यांना रंगांची खूण दिली, ते चांगलेच. पण अंधारात रंग दिसत नाही आणि एका बैठकीला एकाच प्रकारची काडतुसे बाहेर काढण्याची शिस्त रंगाहून भरवशाची आहे.

धातूंबद्दल दोनच गोष्टी. स्टेनलेस नळी स्टेनलेस रिसिव्हरमध्ये कोरडी फिरवली तर आटे एकमेकांत चिकटून फाटतात, म्हणून तिथे चिकट-रोधक लेप हवाच. मात्र तो टेकणाऱ्या खांद्यावर येऊ देऊ नये. आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या सांगाड्यात पोलादी नळी दाबून धरणारे स्क्रू असतील तर उष्णतेने अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आवळणी थंडीत आणि उन्हात सारखी राहत नाही. स्क्रू दर वेळी त्याच टॉर्क-पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), नळी थंड असताना आवळावेत. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळणारे दोन जण एकाच रायफलीचे दोन वेगळे नेम काढतात.

बिजागरीच्या रायफलीची झीज पाहताना हातधरा काढून ठेवावा. त्याची स्प्रिंग नळीला दाबून धरते आणि सैलपणा लपवते. हातधरा नसताना, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून, बंद रायफल दस्त्याकडून धरून नळी आडवी हलवून पाहावी. टकटक जाणवली तर खीळ किंवा लग झिजला आहे. जास्त मापाची खीळ घालून हे तात्पुरते सुधारते. पण संचातील एका नळीसाठी जाड खीळ घातली की बाकीच्या नळ्यांची भोकेही त्याच मापाला आणावी लागतात, हे आधी लक्षात घ्यावे.

राहता राहिली कायद्याची आणि चाचणीची बाजू. सी.आय.पी. ही शस्त्रांच्या चाचणीचे नियम ठरवणारी १९१४ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था सेंटरफायर रायफलींची चाचणी कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाच्या काडतुसांनी घ्यायला सांगते. नंतर बनवलेली जादा नळीही त्या चाचणीतून गेली पाहिजे. युरोपीय संघाच्या नियमांत नळी हा शस्त्राचा मुख्य भाग मानला जातो आणि तिला परवान्याची अट लागू होते. अमेरिकेत तो मान रिसिव्हरला आहे. त्यामुळे नळी म्हणजे दुकानातून आणायचा सुटा भाग, असा जो सूर लेखात होता, तो अनेक देशांत थेट बेकायदा ठरेल. नळी कापणे, चेंबर खोदणे ही परवानाधारक कारागिराचीच कामे आहेत.

या लेखाच्या पुढच्या भागात आपण बाजारातील नळ्यांची यादी देणार असल्याचे म्हटले आहे. त्या यादीत प्रत्येक नळीपुढे काडतुसाचे पूर्ण नाव, ती कोणत्या सांगाड्याच्या क्रमांकावर मापली जाते की कोणत्याही सांगाड्यावर चालते याचा खुलासा, आणि दुर्बिणीचा माउंट नळीवर आहे की रिसिव्हरवर, एवढे तीन रकाने जोडावेत, ही विनंती.

आपले,
शस्त्र-यांत्रिकीचे काही अभ्यासक वाचक